अडतीस तक्रारी

चुरी सरांच्या विरोधात अडतीस तक्रारी आल्या आहेत असं कळवणारं विद्यापीठाचं पत्र फोनवर आलं, तेव्हा सर वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या फ्लॅटच्या ओट्याशी उभे राहून सुक्या बोंबलांच्या शेपट्या कात्रीने कापत होते. जुलै महिना होता, ताजी मासळी बंद होती, आणि सुट्टीवर घरी आलेल्या परदेशस्थ प्राध्यापकाला याहून जबाबदारीचं काम द्यायला त्यांच्या पत्नी विनिताबाई तयार नव्हत्या.

बोंबलाचे हात फोनला लावायचे नाहीत हा घरचा नियम. त्यामुळे पत्र विनिताबाईंनी उघडलं. त्या एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होत्या आणि पत्राचा पहिला परिच्छेद त्या कधीच वाचत नसत. पहिल्यात नमस्कार असतो, घाव दुसऱ्यात असतो, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता.

"'आपल्या अध्यापनाविषयी विद्यार्थ्यांकडून अडतीस लेखी तक्रारी प्राप्त झाल्या आहेत,'" इंग्रजीचं जागच्या जागी मराठी करत त्या वाचू लागल्या. "'पाचांहून अधिक तक्रारी आल्यास नियमानुसार कराराचं नूतनीकरण थांबवण्यात येतं. गुरुवारी सकाळी दहा वाजता ऑनलाइन सुनावणीस हजर राहावं. तोपर्यंत विद्यार्थ्यांशी संपर्क साधू नये.' त्यांचे दहा म्हणजे आपले साडेआठ. वर्गात मुलं किती होती हो?"

"एकोणचाळीस."

"मग एक कुठे गेला?"

सरांनी कात्री खाली ठेवली. घाव बसल्यावर माणूस छातीला हात लावतो म्हणतात, पण हाताला बोंबलाचा वास असल्यामुळे सरांना तेही करता येईना.

चंद्रहास चुरी यांचं वय बावन्न. घर मूळचं आगाशीचं, बागायतदाराचं. केळी, पानवेल आणि चार माड सोडून इंग्रजीत एम.ए. करणारे ते घराण्यातले पहिले, आणि त्यांचं पुढे काय झालं ते पाहून बहुधा शेवटचे. विरारकडच्या एका ज्युनियर कॉलेजात त्यांनी बावीस वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढाच माणूस. घंटा झाली की तो संपतो आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज करून जन्माला येतो. त्या बावीस वर्षांत मुलांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "सर, हे परीक्षेला येणार का?" येणार नसेल तर मुलं खिडकीबाहेर बघत, येणार असेल तर गाइडमध्ये.

तीन वर्षांपूर्वी पापडी गावच्या उर्सुला टीचरनी त्यांना व्हिएतनाममधल्या एका समुद्रकाठच्या विद्यापीठाचा पत्ता दिला. त्या स्वतः तिथे दोन वर्षं शिकवून आल्या होत्या. "सर, मासळी मिळते, नारळ मिळतो, मुलं ऐकतात," एवढंच त्या म्हणाल्या. पहिल्या दोन गोष्टींवर सरांचा विश्वास बसला.

तिसरीही खरी निघाली. पहिल्या दिवशी सर तीनशे चार नंबरच्या खोलीत शिरले आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. कोणी तरी बडा माणूस आला असावा म्हणून सरांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मुलं त्यांना 'थाय' म्हणत, म्हणजे सर. तास संपल्यावर जिन्यात थांबून प्रश्न विचारत, परीक्षेला न येणारे. सरांना वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी शोध लागला की आपल्याला शिकवता येतं. इतका उशिरा लागलेला शोध माणूस सहजासहजी हातचा जाऊ देत नाही.

दर वर्षी एकेक वर्षाचा करार होई. यंदा पहिल्यांदाच दोन वर्षांचा होणार होता. विनिताबाईंनी तीन महिन्यांची रजा मंजूर करून घेतली होती, पासपोर्ट काढला होता आणि एक निळी बॅग आणून माळ्यावर ठेवली होती. ती बॅग आता सरांना ओट्यापासूनही दिसत होती.

"यादी जोडलीय," विनिताबाई म्हणाल्या. "वाचू?"

"वाच."

"एक. 'सरांचा डावा बूट वाजतो.' दोन. 'सर वेळेच्या चार मिनिटं आधी येतात, त्यामुळे वेळेवर येणाऱ्यांना उशीर झाल्यासारखं वाटतं.' तीन. 'सर गुरुवारी जो मातकट शर्ट घालतात तो चांगला नाही.'" विनिताबाई थांबल्या. "हे मी आठ वर्षं सांगतेय."

"पुढे वाच."

"'सर कॉफी नको म्हणतात आणि मग आमची पितात.' हेही बरोबर आहे. 'सरांना रस्ता ओलांडता येत नाही, दोन मुलींना हात धरून न्यावं लागतं.' अहो? वसई स्टेशनच्या बाहेर स्कूटर चालवलीत ना तुम्ही?"

"तिथल्या स्कूटर थांबतच नाहीत. नदीत उतरल्यासारखं उतरावं लागतं."

"'सरांना सगळ्यांची नावं पाठ आहेत, त्यामुळे गैरहजर राहता येत नाही.' 'फळ्यावरचा त्यांचा एस पडल्यासारखा दिसतो.' 'सर केळ्यांबद्दल फार बोलतात.' 'सरांनी माझ्या अर्जातल्या चुका काढून दिल्या, तो अर्ज गृहपाठ नव्हता.'" विनिताबाईंनी चष्मा काढला. "मुलं हुशार आहेत हो तुमची. कुणी खोटं लिहिलेलं नाही."

नवऱ्याच्या तक्रारी अडतीस अनोळखी माणसांनी परदेशातून लेखी पाठवाव्यात, हे भाग्य सगळ्याच बायकांच्या वाट्याला येत नाही. पण विनिताबाईंनी ते फार वेळ उपभोगलं नाही. त्यांनी एकदा माळ्याकडे पाहिलं, फोन बाजूला ठेवला आणि उरलेले बोंबील स्वतः कापायला घेतले. बायको बोलायची थांबली म्हणजे प्रकरण गंभीर.

संध्याकाळी हर्षवर्धन आला. हा विनिताबाईंचा धाकटा भाऊ. एव्हरशाईनमध्येच त्याचे 'तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी' असे क्लास होते. क्लास सुरू होऊन सहा वर्षं झाली होती आणि हर्षवर्धनचं स्वतःचं इंग्रजी अजून विसाव्या दिवसावर होतं, पण त्याला माणसांचं अचूक कळे. वाईट बातमीचा वास त्याला बोंबलाच्या आधी येई.

"भावोजी, टेन्शन घेऊ नका," तो सोफ्यावर पसरत म्हणाला. "तिथलं दार बंद झालं ना, मी आहे. सकाळची बॅच तुमची. गृहिणी आणि रिटायर्ड लोक. एकदम शांत पब्लिक."

"अजून काही ठरलेलं नाही हर्षवर्धन."

"तेच म्हणतो ना मी. ठरायच्या आत आपण ठरवायचं. फ्लेक्स टाकलाय प्रिंटिंगला."

"कसला फ्लेक्स?"

हर्षवर्धनने फोनवर दाखवला. दहा बाय बाराचा. मधोमध चुरी सर हाताची घडी घालून उभे, मागे जगाचा नकाशा, खाली 'आंतरराष्ट्रीय विद्यापीठातून थेट वसईत'. ते 'थेट' वाचून सरांना आपल्याला कोणी तरी तिथून लाथ मारली आणि आपण एव्हरशाईनच्या सर्कलवर येऊन पडलो, असं चित्र दिसलं. फोटो विनिताबाईंच्या भाचीच्या लग्नातला होता. अंगात मातकट शर्ट होता.

"थेट कशाला लिहिलंस रे?" विनिताबाईंनी विचारलं.

"ताई, त्यात स्पीड आहे."

तो गेल्यावर सर गॅलरीत उभे राहिले. त्यांना गृहिणींविषयी आकस नव्हता, निवृत्तांविषयी तर आपुलकीच होती. पण तीनशे चार नंबरची खोली गेली तर आपण पुन्हा तासांपुरते उरणार, हे त्यांना कळत होतं. आणि त्याहून टोचत होतं ते दुसरंच. अडतीस. विरारच्या मुलांनी बावीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार केली नव्हती. तक्रार करण्याइतकं त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. तिथे त्यांनी पहिल्यांदा जीव ओतून शिकवलं, तर वर्गाने बूट, शर्ट, अक्षर, सगळं टिपून ठेवलं होतं.

बुधवारी वरच्या मजल्यावर लाद्या फोडायचं काम सुरू झालं. मिस्त्री सकाळी आठला यायचा आणि त्याच्या मशीनने खालच्या घरातल्या कपबशासुद्धा थरथरत. सुनावणी दुसऱ्या दिवशी साडेआठची. मग सर लॅपटॉप पिशवीत घालून बसने आगाशीला गेले. वडिलांच्या बागेत निदान आवाज नव्हता.

वडील गंगाराम चुरी, वय एक्क्याऐंशी, पायरीवर बसून तुटक्या चपलेला सुतळी बांधत होते.

"दादा, चप्पल नवी घ्या ना," सर म्हणाले.

"पायात घालाया नाय ही," म्हातारा म्हणाला. "लोंगराला बांधायची हाय. तू वाळलास. तिकडं खाया देत नाय काय? आनि केस कापले ते कोनी, सुतारानी?"

हे दादांचं स्वागत होतं. दादांनी आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलेलं नव्हतं. केळीचा लोंगर, म्हणजे घड, माणसाएवढा वाढला तर ते म्हणत, "बरा हाय, जरा वाकडाच हाय." सर एम.ए.ला पहिल्या वर्गात आले तेव्हा "अक्षर सुधार" म्हणाले होते. बाग बघायला येणाऱ्यांतला कोणी "काय सुंदर घड आहे हो," असं बोलून गेला, की संध्याकाळी त्या घडाला तुटकी चप्पल लटके. दृष्ट लागते. फळ सडतं, मूल आजारी पडतं. त्यापेक्षा आपणच आधी एक खोट काढून ठेवलेली बरी.

सरांनी त्यांना सगळं सांगितलं. नोकरी, सुनावणी, अडतीस तक्रारी. दादांनी ऐकता ऐकता सुतळीची गाठ मारली.

"वाच बघू काय बोलतात ती."

सरांनी पायरीवर बसून अडतीसच्या अडतीस वाचल्या. वाजणारा बूट आला तेव्हा दादांनी मान हलवली. केळ्यांबद्दल फार बोलतात हे आलं तेव्हा एकदा वर बघितलं. शेवटची झाली तसं त्यांनी सुतळीचं टोक दाताने तोडलं.

"अडतीस जनांनी केल्या ना? परत्येकानी एकच?"

"एकच."

"दोन कोनीच नाय?"

"नाही."

"आनि याची त्याच्यासारखी नाय."

सरांनी यादी पुन्हा चाळली. "नाही. सगळ्या वेगळ्या."

"मग ही तक्रार नाय," दादा चप्पल उचलत उठले. "तक्रार करनारा मानूस एकावर थांबत नाय."

ते बागेत शिरले. सर मागोमाग गेले. पुढच्या ओळीत राजेळी केळीचा तो घड होता, बांबूचा टेका देऊनही झाड पुढे झुकलेलं. दादांनी त्याच्या दांड्याला चप्पल बांधली, दोन पावलं मागे आले आणि बघून म्हणाले, "बरा हाय."

आणि चुरी सरांना एप्रिलमधला तो तास आठवला.

विषय होता आपल्या गावची एखादी रीत सांगणं. मुलं लाजत होती म्हणून सरांनी स्वतः सुरुवात केली. आमच्याकडे जे चांगलं आहे ते डागाशिवाय ठेवत नाहीत, ते म्हणाले. बाळ गोंडस असलं की गालावर काजळाची तीट. नव्या घराला काळी बाहुली, ट्रकला चप्पल, माझ्या वडिलांच्या केळ्यांना चप्पल. मुलं हसली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "थाय, मग तुम्ही आमच्या निबंधाखाली काळा ठिपका का काढता?"

सरांनी हातातल्या पेनाकडे पाहिलं. वर्षभर ते उत्तम निबंधांखाली पेनाने एक बारीक ठिपका काढत होते, आणि 'समास थोडा कमी सोडला आहे' असं काही तरी लिहीत होते. आपण हे का करतो हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. "तीच ती तीट," ते म्हणाले. "चांगल्याला दृष्ट लागू नये म्हणून." त्या दिवसापासून वर्गात गुणांना कोणी विचारेना, सगळे ठिपका मागू लागले.

आणि मेमध्ये विद्यापीठाने मुलांना सरांबद्दल फॉर्म भरायला दिला. त्यात शेवटी एक मोकळी चौकट होती, 'शिक्षकांमधील उणीव'.

सर केळीच्या ओळीत उभे होते. ही गोष्ट त्यांनीच शिकवलेली, त्यांच्याच घरची. पण आपल्यालाही कोणी तीट लावील, हे बावन्न वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. दृष्ट लागायला आधी कोणाच्या तरी नजरेत भरावं लागतं.

"पण दादा, हे त्यांना सांगू कसं?" ते म्हणाले. "तक्रारी म्हणजे कौतुक आहे म्हणून? नापास झालेला पोरगा येऊन सांगेल की शून्य हे माझ्याकडे शुभ मानतात. तसलंच ते."

"लोंगर दाखव त्यांना."

"लोंगर?"

"मग काय तोंड दाखवनार तुझं? केस बघ कसे कापलेत."

गुरुवारी साडेआठला सर बागेत पाटाच्या कडेला लाकडी खुर्चीवर बसले. रेंज तिथेच चांगली होती, आणि मागे तो घड यावा अशी खुर्ची दादांनीच ठेवली होती. अंगात कोरा पांढरा शर्ट होता. विनिताबाईंनी तो इस्त्री करून पिशवीत घातला होता आणि वर चिठ्ठी ठेवली होती: 'आज गुरुवार आहे. हाच घाला.'

पडद्यावर दोघं होती. गुणवत्ता कक्षाचे प्रमुख डॉ. खान्ह, तरुण, परदेशात शिकून आलेले, समोर कागद काटकोनात लावून बसलेले. आणि विभागाच्या अधिष्ठाता थुई मॅडम. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. हातात चहाचा पेला होता आणि चेहऱ्यावर, बैठकांत पस्तीस वर्षं बसलेल्या माणसाचा असतो तसा, काहीच नसलेला भाव.

खान्ह यांनी सगळ्या तक्रारी वाचून दाखवल्या. आपल्याच बुटाबद्दल अधिकृत आवाजात ऐकणं वेगळं असतं. मग ते म्हणाले, "आपलं म्हणणं?"

सरांनी सांगितलं. एप्रिलचा तास, तीट, ठिपका. सांगताना त्यांना स्वतःचंच म्हणणं हळूहळू पोकळ वाटू लागलं. बागेत पटलेली गोष्ट कागदांच्या काटकोनासमोर पातळ होत गेली.

"म्हणजे," खान्ह म्हणाले, "जितक्या जास्त तक्रारी, तितका शिक्षक चांगला, असं आपलं म्हणणं आहे."

"माणशी एकच असेल तर," सर म्हणाले. "दोन असतील तर ती तक्रार."

"मग एकोणचाळिसावा विद्यार्थी? त्याने लिहिलंय, 'शिक्षक सर्व दृष्टींनी उत्कृष्ट, कोणतीही उणीव नाही.' आमच्या मते हा एकच समाधानी विद्यार्थी आहे."

सर जरा पुढे सरकले. "त्याचं नाव मला सांगू नका. हजेरी मात्र बघा. एप्रिलमध्ये तो एकदाही आलेला नसेल."

खान्ह यांनी संगणकावर काही तरी उघडलं. बराच वेळ बघितलं. "वर्षभरात चार वेळा आलाय," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये नाही."

तेवढ्यात दादा आले. बोलणं थांबलं म्हणजे काम संपलं असं समजून ते फावडं खांद्यावर टाकून थेट कॅमेऱ्यासमोरून घडापाशी गेले आणि चपलेची गाठ तपासू लागले.

थुई मॅडमनी चहाचा पेला खाली ठेवला. इतक्या वेळात त्या पहिल्यांदाच हलल्या.

"ते कोण?"

"माझे वडील."

"त्यांनी झाडाला बूट का बांधलाय?"

"हाच तो, मॅडम. मी सांगत होतो तो."

मॅडम पडद्याच्या जवळ आल्या. घड दादांच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत होता. "त्यांना विचारा," त्या म्हणाल्या, "पीक कसं आहे?"

सर वळले. "दादा, मॅडम विचारतायत लोंगर कसा आहे."

दादांनी घडाकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. "बरा हाय म्हनावं," ते म्हणाले. "जरा वाकडाच हाय."

सरांनी शब्दशः सांगितलं. थुई मॅडम हसल्या. हसत राहिल्या, चष्मा काढून डोळे पुसले. खान्ह यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हसणंही आता नोंदवावं लागणार होतं.

"माझी आजी," मॅडम म्हणाल्या, "मला दहा वर्षांची होईपर्यंत 'खुरटी' म्हणत होती. गावात मी सगळ्यांत उंच होते. चांगल्या नावाने हाक मारली तर भुताखेतांना ऐकू जाईल, मूल घेऊन जातील. शाळेत जाईपर्यंत मला माझं खरं नाव माहीत नव्हतं."

"माझ्या आजोबांचं नाव धोंडू," सर म्हणाले. "धोंडा म्हणजे दगड. त्यांच्या आधीची दोन मुलं जगली नव्हती."

"जगले ना ते?"

"ब्याण्णव वर्षं."

"बघा," मॅडम खान्ह यांना म्हणाल्या, जणू हा आकडा तक्त्यात भरायचा होता.

"मॅडम, पण नियमाप्रमाणे पाचांहून अधिक तक्रारी असतील तर..."

"खान्ह," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमची आई माझ्या शेजारी राहायची. तुमचं घरातलं नाव मला माहीत आहे. इतिवृत्तात घालू?"

डॉ. खान्ह यांचे कान लाल झाले. त्यांनी कागद गोळा केले, टेबलावर आपटून सारखे केले आणि म्हणाले, तक्रारींचं स्वरूप सांस्कृतिक असल्याने त्या वगळण्यात येत आहेत. करार दोन वर्षांचा. पत्र दुपारपर्यंत येईल.

"एक सोडून," मॅडम म्हणाल्या. "शर्टाबद्दल विभागाचंही तेच मत आहे."

पडदा काळा झाला. सर खुर्चीतच बसून राहिले. पाटाचं पाणी वाहत होतं. तीन दिवस खांद्यांत काही तरी धरून ठेवलेलं होतं, ते सुटलं आणि हात आपोआप मांडीवर येऊन पडले. त्यांना भूक लागली. सोमवारपासून लागली नव्हती हे आत्ता लक्षात आलं.

"झालं?" दादांनी विचारलं.

"झालं. दोन वर्षं."

"हं," दादा म्हणाले. "पाटात पाय नको घालूस. मातीचं पानी व्हतं सगळं."

घरी आल्यावर सरांनी बातमी सांगितली. स्टूल ओढून विनिताबाईंनी माळ्यावरची निळी बॅग खाली काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि हॉलच्या मधोमध ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला वळसा घालून जावं लागत होतं. त्या रात्री बोंबलाचं कालवण झालं आणि सरांनी तीनदा भात घेतला.

"मीठ जरा कमी आहे," तिसऱ्या वाढपाला ते म्हणाले.

विनिताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कळलं मला," त्या म्हणाल्या.

हर्षवर्धनचा फ्लेक्स मात्र छापून आला होता. रविवारी तो गुंडाळी काखेत मारून आला. "भावोजी, मनापासून आनंद झाला," तो म्हणाला, आणि झालाही होता, कारण तो लगेच पुढे म्हणाला, "आता 'थेट' च्या जागी 'लवकरच' चिकटवतो. दोन वर्षं चालेल." तेवढ्यावरून बहीण-भावांत जे बोलणं झालं त्यात विनिताबाईंनी पहिला परिच्छेद गाळला आणि थेट दुसऱ्यावर आल्या. फ्लेक्स घरात राहिला.

तिथून तो फ्लेक्स आगाशीला गेला. पंपाच्या खोपटीचं छप्पर गळत होतं आणि दादांना ताडपत्री हवीच होती.

निघायच्या आदल्या दिवशी सर निरोप घ्यायला गेले. फ्लेक्स छपरावर ताणून बसवलेला होता. हाताची घडी घातलेले चुरी सर, मागे जगाचा नकाशा, आभाळाकडे बघत उताणे. पावसाने चेहरा लख्ख धुऊन निघाला होता. फक्त डाव्या गालावर, बरोबर मधोमध, बंद्या रुपयाएवढा एक काळा गोल डाग होता.

सर खाली उभे राहून बघत राहिले.

"दादा, हे काय लागलंय?"

दादा पंपाशी वाकले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. उजव्या हाताचं बोट त्यांनी धोतराला पुसलं, ते आधीपासूनच काळं होतं.

"पंपाचं आईल उडलं असंल," ते म्हणाले. "तू निघ आता, बस चुकंल. आनि केस नीट कापून घे तिकडं."